सोनकीचे फूल, मागचा डोंगर आणि हायपरफोकल अंतर

पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठारावर पावसाळा सरता सरता सोनकी फुलते, तेव्हा कोल्हापुरातल्या हौशी छायाचित्रकारांची पहाटेची झोप उडते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी तिथे काढलेले एक छायाचित्र मला फार आवडले होते. पुढ्यात जेमतेम दोन हातांवर सोनकीचे पिवळे झुपके, त्यामागे पसरलेले पठार आणि क्षितिजाशी धूसर निळी डोंगररांग, असे सगळे एका चौकटीत आले होते. मोबाइलच्या पडद्यावर ते फुलापासून डोंगरापर्यंत लख्ख दिसे. मग मी त्याची ३६ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशी प्रत छापून घेतली आणि ती बैठकीच्या खोलीत लावली. सोफ्यावरून ती छानच दिसत होती. परंतु घरी आलेले एक पाहुणे उठून फ्रेमच्या अगदी जवळ गेले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “डोंगर जरा हललाय का हो?”

डोंगर हललेला नव्हता आणि कॅमेराही हललेला नव्हता. लेन्स आणि अपर्चरनुसार फोकसचे अंतर सांगणारे तक्ते मिळतात, मी सगळे त्या तक्त्याप्रमाणे केले होते. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा, २४ मिलिमीटर लेन्स, एफ/११ अपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; एफ-क्रमांक जितका मोठा तितके ते लहान) आणि तक्त्यात दिलेले हायपरफोकल अंतर, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर, बरोबर तेवढ्यावर फोकस. ‘या अंतरावर फोकस केले की त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सर्व काही स्पष्ट येते’ हे वाक्य मला तोंडपाठ होते. ते वाक्य खोटे नाही. फक्त त्यातल्या ‘स्पष्ट’ या शब्दाला एक अट जोडलेली असते आणि ती अट बहुतेक ठिकाणी सांगितलीच जात नाही. हायपरफोकल अंतराविषयीचा निम्मा गोंधळ या न सांगितलेल्या अटीतून होतो.

मुळापासून पाहायचे तर लेन्स एका वेळी एकाच अंतरावरच्या वस्तू खऱ्या अर्थाने रेखीव उमटवते. फोकस ३ मीटरवर असेल, तर सेन्सरला समांतर अशी ३ मीटरवरची एक काल्पनिक भिंत उभी आहे असे समजावे. त्या भिंतीवरच्या प्रत्येक बिंदूची प्रतिमा सेन्सरवर बिंदूसारखीच उमटते. भिंतीच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या बिंदूपासून निघालेले किरण मात्र सेन्सरच्या मागे किंवा पुढे एकत्र येतात, त्यामुळे सेन्सरवर बिंदूऐवजी एक इवलीशी चकती उमटते. वस्तू त्या भिंतीपासून जितकी दूर, तितकी चकती मोठी. चकती पुरेशी लहान असेल, तर आपला डोळा तिला बिंदूच समजतो आणि ती वस्तू स्पष्ट आहे असे आपण म्हणतो. डोळ्याने दिलेल्या या सवलतीमुळे भिंतीच्या पुढचा-मागचा जो पट्टा चालून जातो, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. पट्ट्याच्या कडेला स्पष्टता एकदम संपत नाही; ती भिंतीपासूनच हळूहळू कमी होत आलेली असते आणि कड कुठे मानायची हे माणसाने ठरवलेले असते.

या चकतीचा चालवून घेण्याजोगा जास्तीत जास्त व्यास म्हणजे सर्कल ऑफ कन्फ्युजन. फुल फ्रेमसाठी तो ०.०३ मिलिमीटर आणि त्याहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरसाठी ०.०२ मिलिमीटर धरण्याची पद्धत आहे. हा आकडा प्रकाशशास्त्राच्या नियमातून निघालेला नाही. छायाचित्राची साधारण ८ बाय १० इंचांची प्रत हातात धरून सुमारे २५ सेंटीमीटरवरून पाहायची, असे त्यात गृहीत धरलेले असते. एवढ्या अंतरावरून सामान्य डोळ्याला साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका ठिपका म्हणून कळत नाही, आणि ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवरील चित्र त्या प्रतीपर्यंत न्यायला ते सात-आठ पट मोठे करावे लागते, ०.२ ला सातने भागले की ०.०३ च्या आसपासचा आकडा मिळतो.

आता माझ्या भिंतीवरच्या प्रतीचा हिशेब करता येतो. ३६ मिलिमीटर रुंदीचे चित्र ३६ इंचांवर नेले म्हणजे ते सुमारे २५ पट मोठे झाले. सेन्सरवरची ०.०३ मिलिमीटरची चकती कागदावर पाऊण मिलिमीटरची झाली. एक मीटरवर बसलेल्या माणसाला पाऊण मिलिमीटरचा ठिपका बिंदूच वाटतो, म्हणून सोफ्यावरून तक्रार नव्हती. पाहुणे वीतभर अंतरावर गेले आणि सवलत संपली. मोबाइलच्या पडद्यावर चित्र तळहाताएवढे असल्यामुळे तिथे तर प्रश्नच नव्हता. छायाचित्र एकच, पण ते कोण, केवढे करून आणि किती अंतरावरून पाहते, यावर त्याची डेप्थ ऑफ फील्ड बदलली. हे एकदा लक्षात आले की पुढचे सगळे सोपे जाते.

डेप्थ ऑफ फील्ड कमी-जास्त करणाऱ्या तीन गोष्टी छायाचित्रकाराच्या हातात असतात: अपर्चर, फोकल लांबी (लेन्सवरचा २४, ५० मिलिमीटर असा आकडा) आणि फोकसचे अंतर. अपर्चरचा परिणाम समजायला कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उभे राहावे. चष्मा घरी विसरलेला माणूस लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचण्यासाठी डोळे बारीक करतो आणि त्याला अक्षरे थोडी बरी दिसू लागतात. त्याने नकळत अपर्चर लहान केलेले असते. छिद्र लहान झाले की किरणांचा शंकू निमुळता होतो आणि फोकस चुकलेल्या बिंदूची चकतीही लहान होते. एफ/४ वरून एफ/८ वर गेले की छिद्राचा व्यास निम्मा होतो आणि चकतीचाही निम्मा होतो.

फोकल लांबीचा परिणाम मात्र वर्गाच्या प्रमाणात होतो आणि इथेच नवख्यांचा अंदाज हुकतो. हायपरफोकल अंतराचे सूत्र शब्दांत असे मांडता येते: फोकल लांबीचा वर्ग करावा, त्याला एफ-क्रमांक आणि सर्कल ऑफ कन्फ्युजन यांच्या गुणाकाराने भागावे आणि शेवटी फोकल लांबी मिळवावी, ही शेवटची मिळवणी इतकी लहान असते की मैदानावर ती सोडून दिली तरी चालते. २४ मिलिमीटर आणि एफ/८ घेतले तर ५७६ भागिले ०.२४, म्हणजे २४०० मिलिमीटर, म्हणजेच २.४ मीटर. त्याच एफ/८ वर ५० मिलिमीटर लेन्स लावली तर उत्तर सुमारे साडेदहा मीटर येते. लेन्स दुपटीच्या जरा वर गेली आणि अंतर चौपटीहून जास्त झाले. २०० मिलिमीटरला तर ते १६७ मीटरवर जाते. पन्हाळ्याच्या तटावरून टेलिफोटोने समोरच्या डोंगररांगा टिपणाऱ्याने म्हणूनच हायपरफोकलचा विचार न करता ज्या रांगेसाठी चित्र काढतो आहोत तिच्यावर सरळ फोकस करावा.

हायपरफोकल अंतराची व्याख्या अशी: ठरलेल्या सवलतीत अनंतावरच्या वस्तू जेमतेम स्पष्ट धरल्या जातील, असे फोकसचे सर्वांत जवळचे अंतर. तिथे फोकस केले की अलीकडची हद्द त्याच्या निम्म्यावर येते. यामागे एक सुबक मालिका आहे, जी मला तक्त्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटते. हायपरफोकल अंतरावर फोकस केले, तर निम्म्यापासून अनंतापर्यंत स्पष्ट. त्याच्या निम्म्यावर फोकस केले, तर एक तृतीयांशापासून पूर्ण हायपरफोकल अंतरापर्यंत. एक तृतीयांशावर केले, तर एक चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत. ‘फोकसच्या पुढे एक भाग आणि मागे दोन भाग स्पष्ट असतात’ हे सर्रास सांगितले जाणारे सूत्र फक्त या तिसऱ्या स्थितीत खरे ठरते. फोकस त्याहून जवळ आणला की पुढचा आणि मागचा भाग जवळजवळ सारखा होत जातो, आणि हायपरफोकलवर नेला की मागचा भाग अमर्याद होतो.

या मालिकेतली मधली पायरी चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाच्या डोंगरावर अनुभवावी. सासनकाठ्या नाचत असतात, चांगभलंचा गजर चालू असतो आणि हवेत गुलालाचे लोट उठत असतात. अशा वेळी ऑटोफोकस कधी गुलालाच्या लोटावर अडकतो, तर कधी पुढून गेलेल्या हातावर. फुल फ्रेमवर ३५ मिलिमीटर लेन्स आणि एफ/८ यांचे हायपरफोकल अंतर सुमारे ५.१ मीटर आहे. ऑटोफोकस बंद करून फोकस त्याच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण अडीच मीटरवर, ठेवून दिला तर १.७ पासून ५.१ मीटरपर्यंतचा पट्टा मिळतो. मग फक्त माणसे त्या पट्ट्यात येण्याची वाट पाहायची आणि बटण दाबायचे. (गुलालात लेन्स बदलण्याचे धाडस मात्र कोणी करू नये, सेन्सरवर बसलेला गुलाल पुढच्या यात्रेपर्यंत आठवण करून देतो.)

जुन्या मॅन्युअल लेन्सवर हे सगळे गणित कोरून दिलेले असे. अंतराच्या पट्टीशेजारी प्रत्येक एफ-क्रमांकाच्या दोन-दोन खुणा असत. अनंताचे चिन्ह एफ/८ च्या एका खुणेसमोर आणले की लेन्स आपोआप हायपरफोकलवर येई आणि दुसऱ्या खुणेसमोर अलीकडची हद्द वाचता येई. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतः चलच्चित्राचा कॅमेरा घडवला आणि ज्याच्या खरी कॉर्नरला आजही कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे, त्या शहरातल्या आमच्या पिढीला या खुणा वाचता येत नसतील तर ते काही भूषणावह नाही. मात्र त्या खुणाही ०.०३ च्या आसपासचीच सवलत धरून कोरलेल्या असतात, हे विसरू नये. मोठी प्रत छापायची असेल तर कॅमेऱ्यावर एफ/११ ठेवून खुणा एफ/५.६ च्या वाचाव्यात. तेवढ्याने चकती निम्मी होते.

आजच्या बहुतेक झूम लेन्सवर अशा खुणा नसतात. तक्ते आणि मोबाइल अॅप आहेत, पण मैदानावर मी आता त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. त्याऐवजी एक साधी गोष्ट करतो. चौकटीत जी सर्वांत जवळची वस्तू स्पष्ट हवी आहे तिचे अंतर मोजायचे आणि त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस करायचा. असे केले की जवळच्या त्या वस्तूची चकती आणि अनंतावरच्या डोंगराची चकती सारख्याच आकाराची होते, मग लेन्स कोणतीही असो, अपर्चर कोणतेही असो आणि सेन्सर केवढाही असो. यात ०.०३ कुठेच येत नाही. जवळ आणि दूर यांची वाटणी फोकसने केली. आता चकती किती लहान हवी एवढाच प्रश्न अपर्चरने सोडवायचा असतो. एकच काळजी घ्यावी: ट्रायपॉड खाली बसवला असेल, तर चौकटीच्या तळाशी दिसणारी जमीन वाटते त्यापेक्षा पुष्कळ जवळ असते, म्हणून अंतर डोळ्यांनी न ठरवता टेपने मोजलेले बरे.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव होतो, तेव्हा ही पद्धत फार कामी येते. पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा, मागे देवळे आणि दीपमाळा, आणि अंधारात ऑटोफोकस चाचपडत असतो. एपीएस-सी कॅमेरा, १८ मिलिमीटर लेन्स आणि सर्वांत जवळची पणती १ मीटरवर असेल तर फोकस २ मीटरवर करावा. दोन मीटरवरच्या एखाद्या पणतीच्या ज्योतीवर लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस साधता येतो. त्यानंतर लेन्स मॅन्युअलवर टाकून तिला हात लावू नये. या लेन्सचे एफ/८ वरचे हायपरफोकल अंतरही जवळपास २ मीटरच निघते, म्हणून मध्यम आकाराच्या प्रतीसाठी एफ/८ पुरेसा आहे.

यावर कोणीही विचारील की मग अपर्चर सरळ एफ/२२ करून मोकळे का होऊ नये. तिथे दुसरीच अडचण उभी राहते. अगदी लहान छिद्रातून जाताना प्रकाश कडांशी वळतो आणि पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे अचूक फोकस असलेला बिंदूसुद्धा चकतीसारखा उमटतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ/११ वर या चकतीचा व्यास सुमारे ०.०१५ मिलिमीटर असतो, तर एफ/२२ वर तो ०.०३ मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे ज्या सवलतीपासून सुटका करून घ्यायला आपण अपर्चर लहान केले, तेवढीच धूसरता संपूर्ण चित्रावर सारखी पसरते. इकडे आड तिकडे विहीर अशी ही स्थिती आहे, आणि म्हणून फुल फ्रेमवर एफ/११ किंवा फार तर एफ/१६ च्या पुढे जाऊ नये असे माझे मत आहे.

माझ्या सोनकीच्या चित्रात आणखी एक कोडे होते. गणिताप्रमाणे फूल आणि डोंगर दोन्हींची चकती सारखी होती. मग पाहुण्यांनी डोंगराचीच तक्रार का केली? याचे उत्तर चकती सेन्सरवर न मोजता प्रत्यक्ष वस्तूवर मोजली की मिळते. त्या फोकसवर ९० सेंटीमीटरवरच्या फुलातला सुमारे १ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील पुसला जात होता. सोनकीची पाकळी त्याहून पुष्कळ मोठी, त्यामुळे फूल फुलासारखेच दिसले. पण एक किलोमीटरवर तीच चकती सव्वा मीटरची होते. म्हणजे तिथली झुडपे, कातळातल्या भेगा, झाडांचे बुंधे सगळे एकमेकांत मिसळून गेले. दूरचे दृश्य मुळातच बारीक तपशिलांनी भरलेले असते आणि आकाशाला लागलेली डोंगराची कड डोळा चटकन तपासतो, त्यामुळे सारखी वाटणी पाहणाऱ्याला सारखी वाटत नाही.

याच कारणाने काही अनुभवी छायाचित्रकार हायपरफोकलपेक्षा अनंतावरच फोकस करणे पसंत करतात. अनंतावर फोकस केला की कोणत्याही अंतरावरच्या वस्तूवर चकती अपर्चरच्या छिद्राएवढीच पडते. २४ मिलिमीटर लेन्सचे एफ/११ वरचे छिद्र सुमारे २.२ मिलिमीटर असते. म्हणून फूल असो की डोंगर, २.२ मिलिमीटरपेक्षा मोठे जे काही आहे ते निदान फोकसच्या चुकीमुळे तरी हरवत नाही. अलीकडची हद्द यात हायपरफोकल अंतराच्या निम्म्याऐवजी पूर्ण हायपरफोकल अंतरावर येते, म्हणजे आमच्या उदाहरणात ९० सेंटीमीटरऐवजी पावणेदोन मीटरवर. पुढ्यात काही विशेष नसेल, तर एवढा तोटा सोसून डोंगर लख्ख मिळवणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे. पुढ्यात फुले असतील तर मात्र त्यांच्या पाकळ्या मोठ्या प्रतीवर दीड मिलिमीटरने पसरतात आणि त्या लगेच डोळ्यात भरतात. रात्रीच्या ताऱ्यांसाठी तर हायपरफोकल विसरूनच जावे. तारा हा बिंदूच असल्यामुळे त्याला कोणतीही सवलत चालत नाही.

तालमीतल्या मातीत माखलेल्या पैलवानाचे व्यक्तिचित्र काढताना हाच हिशेब उलट बाजूने उपयोगी पडतो. ८५ मिलिमीटर लेन्स, एफ/१.८ आणि २ मीटरचे अंतर घेतले तर स्पष्टतेचा पट्टा सुमारे ६ सेंटीमीटरचा राहतो: डोळे रेखीव, कान मऊ आणि मागची भिंत विरघळलेली. तिथेच एफ/८ केला की पट्टा पाव मीटरचा होतो आणि भिंतीला टेकवलेल्या गदा-मुदगलांचे आकार ओळखू येऊ लागतात. मोबाइलला हा खेळ जमत नाही, कारण त्याच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लांबी ६ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावर लिहिलेला एफ/१.८ हा डेप्थ ऑफ फील्डच्या दृष्टीने फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/८ सारखा वागतो. म्हणून मोबाइलवर निसर्गचित्र न मागता सर्वत्र स्पष्ट येते आणि पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी सॉफ्टवेअरला तयार करावी लागते.

पुढच्या वर्षी मी पुन्हा मसाई पठारावर गेलो. या वेळी ट्रायपॉड थोडा मागे घेतला, इतका की सर्वांत जवळचा झुपका दीड मीटरवर आला; टेपने मोजून फोकस ३ मीटरवर केला आणि अपर्चर एफ/११ वरच ठेवले. अनंताची चकती ०.०३ वरून ०.०१७ मिलिमीटरच्या आसपास आली, म्हणजे ३६ इंची प्रतीवर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. आता फ्रेमपासून सुमारे ५५ सेंटीमीटरपर्यंत जवळ गेले तरी डोंगर डोंगरासारखा दिसतो. सोनकीचे झुपके मात्र चौकटीत पूर्वीपेक्षा लहान झाले, आणि घरातल्यांना जुनेच छायाचित्र अधिक आवडते. ते अजून सोफ्यासमोर आहे. नवे मी जिन्याच्या अरुंद भिंतीवर लावले आहे, जिथे पाहणाऱ्याला मागे सरकायला जागाच नाही.